पोहे नावाचा आचारी

वो कोनेवाली बच्ची बात करती की नै, असं ऑफिसात कुणीतरी पाणी भरता भरता विचारलं, आणि दुसरी म्हणाली, मालूम नै, मैं तो सुनीच नै आज तक. मी फिल्टरच्या मागेच बाटली घेऊन उभी होते. काय सांगू तुम्हाला ताई, राग नाही आला. उलट मीच आठवत बसले की आज सकाळपासून आपण काही बोललोय का, आणि आठवेना.

मी मुकी नाही हं. आम्ही मूळचे उदगीरकडचे, शेतीवाले. पणजोबा निजामाच्या काळात इकडे त्याच्या राजधानीत आले ते इकडेच राहिले. माझा जन्म बरकतपुऱ्यातला, शाळा इंग्लिश मीडियम. मराठी बोलते, पण वाचायचं म्हटलं की बोट ठेवून वाचावं लागतं. शाळेत इंग्लिश, गल्लीत दक्खिनी, दुकानात तेलुगू, आणि मराठी फक्त आईशी. आई दोन वर्षांमागे गेली. बाबा बोलतात, नाही असं नाही, पण जेवलीस का, दार लावलं का, एवढंच, मग टीव्ही. मराठीला घरात कामच उरलं नाही.

नोकरी हिमायतनगरला, साड्यांच्या दुकानावर तिसरा मजला. काम ऐकून लोक हसतात. अमेरिकेत खूप वर्षांपूर्वी सोनं सापडलं, आणि ते काढायला जिकडून तिकडून माणसं धावली, तंबू टाकून गावं वसवली, त्या गावांची वर्तमानपत्रं निघायची. त्या जुन्या पानांचे फोटो आमच्याकडे येतात आणि आम्ही ते अक्षर न् अक्षर टाइप करतो. सोन्याची बातमी कमीच असते. कुणाची वाळत घातलेली पँट चोरीला गेलेली असते, आणि तो चोराला जाहिरातीतून सांगतो की पँट ठेव बाबा, खिशातलं पत्र तेवढं परत दे. एका गावात कोंबडा चर्चमध्ये शिरून प्रार्थनेला आरवत होता. पोस्टात पडून राहिलेल्या पत्रांच्या याद्या असायच्या, नुसती नावं, पत्र आलंय आणि न्यायला माणूसच नाही. ती यादी मी हळू टाइप करायची. सर म्हणायचे, एमम्मा, काय गं, झोपली काय. त्यांचं बरोबर होतं, काम हळू व्हायचं.

आता आमची पद्धत सांगते. प्रत्येक पान दोघी टाइप करतात, एकमेकींना न बघता. दुसरी कोण ते सांगत नाहीत, नुसता नंबर. दोघींचं टाइप केलेलं मशीन ताडून बघतं, फरक निघाला की लाल होतं, मग तिसरा बघतो. माझी जोडीदारीण एकशे चार नंबर. बसायची त्याच हॉलमध्ये, पण कोण ते माहीत नाही. वेड्यासारखं वाटेल, पण मी तिच्याशी मनात बोलायची. पँटवाल्याची बातमी आली तेव्हा, वाचलंस का एकशे चार, असं. हे लिहू नका. बरं, लिहा.

तर एक अस्वलाची बातमी होती. खाणावळीच्या स्वयंपाकघरात सकाळी सकाळी अस्वल शिरलं, सगळा नाश्ता खाल्ला, आणि आचाऱ्याने त्याला तव्याने बडवून हाकललं. आचाऱ्याचं नाव तीनदा आलेलं, शाई फुटलेली. अक्षर कळलं नाही तर प्रश्नचिन्ह टाकायचं असा नियम आहे, पण मला शंकाच आली नाही, स्पष्ट दिसलं. पी ओ एच ई. पोहे. तीनदा टाइप केलं आणि पुढे गेले.

पंधरा दिवसांनी पान अमेरिकेतून परत आलं. आचारी पोहे नव्हता, पोक होता, मधला एच नव्हता, के होता तो. आणि मशीनने पकडलं नाही, कारण एकशे चारने पण तिन्ही वेळा पोहेच टाइप केलेलं. आमच्याकडे चूक चालते, कॉपी चालत नाही. कॉपी केली की घरी.

सरांनी दोघींना हॉलमध्येच उभं केलं, सगळ्यांसमोर. एकशे चार म्हणजे सुलोचना मॅडम निघाल्या. पन्नाशीच्या. आठ महिने लिफ्टमध्ये आमचं एकच बोलणं, खाना हुआ? हौ, हो गया. सर म्हणाले, एकच चुकीचं नाव, तीन वेळा, दोघींचं, असं आपोआप होतं काय? बोला, कोणी कुणाचं बघितलं? मागे कुणीतरी हसलं.

सुलोचना मॅडमनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, मैंने देखा सर, बच्ची को छोड दो.

नोकरी दोघींची राहिली, कॉपी नव्हती हे सरांना नंतर पटलं, ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला. आता डबा एकत्र खातो. त्यांचे लोक नांदेडकडचे, भीमजयंतीला मला घरी घेऊन गेल्या. बाकी आहे तसंच आहे, घरी टीव्ही चालू असतो, संध्याकाळ लांब असते. असू दे. सगळं एका माणसाने भरून निघत नाही.

पण त्या क्षणी यातलं काही माहीत नव्हतं. एवढंच डोक्यात फिरत होतं की त्यांनी बघितलेलं नाही, त्यांची खुर्ची चार रांगा पुढे, बघणार कशा? मग त्यांना पोहे का दिसलं? तेलुगू माणूस अटुकुलु म्हणतो. हिंदीवाला पोहा म्हणतो, त्याच्याकडे शेवटी आ असतो. शेवटी ए लावून पोहे म्हणणारं, नाश्ता म्हटलं की तेच दिसणारं माणूस कोण असतं? चुकलं असतं तर सगळा हॉल हसला असता. सर रजिस्टर उघडत होते, त्यांच्याकडे मी बघितलंच नाही. सुलोचना मॅडमकडे वळले आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा घराबाहेर, मोठ्याने, मराठीत बोलले.

मावशी, खोटं कशाला बोलता? तुम्हीही पोहेच वाचलंत ना?