कठड्यावरचा पेला

नाही हो ताई, रागावलो नाही, रागवायचं काय त्यात — एवढंच विचारतोय, हा पेला तुमचाच ना? खिडकीच्या कठड्यावर, त्या कुंडीच्या मागे ठेवलेला? मागे सारून ठेवलात म्हणजे तुमचाच, चोराच्या मनात चांदणं. बसा, त्या पिंपावर बसा, रिकामं आहे ते, कोरडंही आहे. दार उघडंच राहू देतो. तुमच्या ऑफिसची मंडळी कुठं जात नाहीत, पलीकडे दुकानात टोप्या घालून फोटो काढतायत — ब्रुअरी बघायला म्हणून येतात आणि टोपी घेऊन जातात, नेहमीचंच आहे. मला एक सांगा आणि मग खुशाल जा. का नाही प्यायलात?

गाडी चालवायचीय? अहो, बसनं आलात तुम्ही, बस मी बघितली. बरं, सवय नाही? मग पहिल्या तीन टाक्यांचे पेले कोणी संपवले? मी बघत होतो. बघतोच मी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. टूरला आलेले लोक माझं भाषण ऐकतात — हे मोड आणून वाळवलेलं जव, ही उकळायची टाकी, इथं यीस्ट घालायचं, इथं थंड करायचं — आणि मी तोंडानं बोलत पेल्यांवर नजर ठेवून असतो. कोण एका दमात पितो, कोण घोट घेऊन थांबतो, कोण कुंडीमागे ठेवतो. पेले धुतो पण मीच. धाकटा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, हिशेब, जाहिराती, फेस्टिव्हलचे स्टॉल हे सगळं तो बघतो, तो म्हणतो, दादा, मालक असून उष्टे पेले काय धुतोस, माणूस ठेवू की. त्याला काय सांगू. तोंडानं सगळे मस्तच म्हणतात. फुकट ते पौष्टिक — फुकटचं असलं की माणूस काहीही पितो आणि वर मान डोलावतो. पेल्याच्या तळाशी उरतं ते खरं. आज तुमच्या लोकांचे सगळे पेले रिकामे आले आणि हा एकच भरलेला आला, चार नंबरच्या टाकीचा. म्हणून तुम्हाला अडवलं.

तुम्ही एक घोट घेतलात आणि नाक मुरडलंत. थोडंसंच, पण मुरडलंत. लाजू नका. लोण्यासारखा वास आला का? आठवून बघा, लोणी, वितळलेलं लोणी? येतो तसा कधीकधी. आणि लोणी असेल तर काही बिघडलेलं नाही — घाई झाली असा त्याचा अर्थ, टाकीला जरा ऊब द्यायची, थोडे दिवस पडू द्यायचं, यीस्ट आपलं आपण ते खाऊन टाकतं. लोणी असेल तर मी तुम्हाला दुकानातली टोपी भेट देतो. लोणीच होतं ना?

काय? मीच का नाही घेऊन बघत?

सर्दी झालीय मला. हवा बदलली की होते, या तळघरात गारवा — हसताय. हसा. बरोबर आहे, सर्दी झालेला माणूस असा घडाघडा बोलत नाही. आता तुम्हाला अडवून मीच बसवलं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. मला वास येत नाही, ताई. कसलाच नाही. एका तापात गेला तो गेलाच, परत आला नाही. जीभ आहे शाबूत, गोड, आंबट, कडू कळतं, पण बिअर म्हणजे नुसतं कडू पाणी का? मघाशी मी तुम्हाला सांगितलं ना, आधी पेला नाकाशी न्या, संत्र्याच्या सालीचा वास येईल, मागून ताज्या कापलेल्या गवताचा — तुम्ही सगळ्यांनी डोळे मिटून घेतलात तो वास. मी पाठ म्हटलं ते. पोरं शाळेत कविता म्हणतात तसं.

धाकट्याला माहीत नाही. कोणालाच नाही. मास्तर म्हणतात मला इथले लोक, आमच्या धंद्यात ज्याच्या नाकावर सगळं चालतं त्याला मान असतो, आणि त्या मास्तरचं नाकच मेलंय हे कोणी सांगत सुटतं का? झाकली मूठ बरी. बायकोला फक्त ठाऊक होतं. तिनं स्वयंपाकघरात दूध करपलेलं पाहिलं आणि मी शेजारी पेपर वाचत बसलेलो — तिला कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी कामाला जाताना वाटेत इथं आली, म्हणाली, दे तो पेला इकडे. आयुष्यात बिअरचा थेंब तोंडात घेतला नव्हता बाईनं, शेवटपर्यंत घेतला नाही. नुसता वास घ्यायची. डोळे मिटायची आणि सांगायची — भिजलेला पुठ्ठा. उकडलेला मका. लोणी. आणि चांगलं असलं की काहीच म्हणायची नाही, पेला ठेवून बसस्टॉपकडे चालू लागायची. संत्र्याची साल तिची आहे, ताई. कापलेलं गवत पण तिचं. तुम्हाला मी जे जे सांगितलं ते तिनं सांगितलेलं आहे. ती होती तोवर आमची एक टाकी वाया गेली नाही, दोन बक्षिसं घेतली, धाकटा म्हणायचा, दादाचं नाक म्हणजे नाक आहे.

ती गेल्यावर पहिला फेस्टिव्हल आला. मी डोळे झाकून पाठवली बिअर — काय करणार. तंबूत प्रत्येक स्टॉलसमोर एक बादली असते, चव घेऊन नको असेल तर उरलेलं त्यात ओतायचं. आमची बादली भरली. दुपारपर्यंत भरली, रिकामी केली, परत भरली, आणि लोक पाठ फिरवताना हसून मस्त म्हणत होते. धाकटा म्हणाला, उन्हानं झालं. मी पण म्हटलं, उन्हानं. आता उद्या पुन्हा फेस्टिव्हल आहे. या वेळी बादली भरली तर आम्हाला कोणी उभं करणार नाही, आणि धाकट्याला हे माहीत आहे, दोन दिवस जेवला नाहीये नीट. तो टेम्पो आणायला गेलाय. आला की ही चार नंबरची टाकी पिंपांत भरायची आणि रवाना. म्हणून विचारतोय. म्हणून तुमच्यासारख्या परक्या बाईला दार उघडं ठेवून बसवून घेतलंय. धरा हा पेला, पिऊ नका, नुसता वास घ्या. माझ्यासाठी नका छान म्हणू. छान म्हणणारे मला पुष्कळ मिळतात.

सावकाश. हलवा पेला जरा, हां, असा.

बोला ना. लोणी?

नाही? मग?

पट्टी.

जखमेवर बांधतात ती पट्टी. दवाखान्यातली. नक्की? नाही, नाही, तुम्ही चुकला नाहीत, घाबरू नका, तो वास असतो, आमच्या धंद्यात त्याला पट्टीचाच वास म्हणतात — टाकीत रानटी यीस्ट शिरलं की येतो. कुठून शिरतं, नळीतून, रबराच्या चकतीतून, सांगता येत नाही. त्याला ऊब देऊन उपयोग नाही, थांबून उपयोग नाही. बाकीच्यांनी प्यायली ना? हो, प्यायलेच ते. फुकट ते पौष्टिक.

पट्टी म्हणता.

तो वास कसा असतो ते मला आठवत नाही बघा. आठवायला हवा, घरात पट्ट्यांचा ढीग होता. तिची एक बाजू लुळी पडली, अंथरुणाला खिळली. बोलायची, तोंड वाकडं करून, पण बोलायची. सगळं मी केलं, ताई, कोणाला हात लावू दिला नाही — अंग पुसणं, चादर बदलणं, कूस बदलणं. पाठीला जखम झाली, झोपून झोपून होते तशी. नर्सबाई यायच्या पट्टी करायला, मग त्या रजेवर गेल्या, मला म्हणाल्या, तुम्ही करा, जमेल तुम्हाला. मी करायचो. वरून जखम कोरडी दिसायची, सुकत आली म्हणून मला बरं वाटायचं. आतून सडत होती.

मला कसं कळणार? पण बाकीच्यांना कळत होतं. धाकट्याची बायको डबा घेऊन यायची आणि दारातच थांबायची, आत पाऊल टाकायची नाही, डबा माझ्या हातात द्यायची आणि पळायची. मी चिडलो तिच्यावर. म्हटलं, जावेला बघायलासुद्धा शिसारी येते होय तुला. तिनं खाली मान घातली. तिला वाटलं, दादांना वास येतोच आहे आणि ते सोसतायत, आपण काय बोलणार. सगळ्यांना तेच वाटलं. शेजारी म्हणायचे, नवरा असावा तर असा. आणि मी तिच्या पलंगाशी ताट घेऊन बसायचो. तिथंच जेवायचो, तिला एक घास, मला एक घास.

नर्सबाई रजेवरून आल्या आणि उंबऱ्यातच नाकाला रुमाल लावला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं — मी कोणी राक्षस असल्यासारखं. मग दवाखाना, पण रक्तात भिनलं होतं.

आता तुम्ही मला सांगा, तिचं नाक तर चांगलं होतं ना? पेल्यातला पुठ्ठा ओळखणारं नाक. तिला स्वतःचा वास आला नसेल? दिवसरात्र येत असेल. ती फक्त म्हणायची, खिडकी उघड. मी म्हणायचो, गार वारा आहे, बाधेल तुला. परत म्हणायची, खिडकी उघड रे जरा. एक शब्द बोलली असती तर मी तिला उचलून पळत नेलं असतं. नाही बोलली. मी खूप विचार केला यावर, दुसरं काय काम आहे. सगळी दुनिया दारातून परत फिरत होती आणि मी एकटा जवळ बसून जेवत होतो. ते तिला हवं होतं. सांगितलं असतं तर मलाही कळलं असतं, आणि मग मी कसा बसलो असतो कोण जाणे. बसलो असतो हो. पण तिला काय ठाऊक. मला तरी काय ठाऊक.

तुम्ही रडू नका. तुम्ही कशाला रडताय, तुम्ही तर सांगितलंत.

हा हॉर्न ऐकलात? टेम्पो आला. धाकटा आहे. उठा, जरा मागे सरका — अजून मागे, बूट भिजतील, फेस फार येतो. चार नंबरची ही खालची चावी जरा जडच आहे. हं. सुटली. जाऊ दे सगळी, मोरी मोठी आहे.

वास सुटला असेल आता. हो ना? धाकट्याला दारातच येईल. पाहील माझ्याकडे, विचारील, दादा, तू इथंच होतास ना. आज सांगतो त्याला.

जा तुम्ही. तुमची मंडळी बसमध्ये बसली असतील, खोळंबा नको. नाही, तो पेला राहू द्या तिथंच. मी धुतो.