शोभेचं बटण

– नाही ताई, ते बटण काढायचं नाही. बाकी काय म्हणाल ते करतो. बॅटरी फुटून बोर्डावर हे हिरवं चढलंय ना, ते व्हिनेगर लावून जुन्या टूथब्रशनं घासून काढतो, फुगलेले कपॅसिटर बदलतो, फ्लॉपीचा ड्राइव्ह उघडून साफ करतो – वडिलांना आपला जुना कॉम्प्युटर पुन्हा चालू दिसला, जुने खेळ खेळता आले, की झालं ना? झालं तर मग. कुठला खेळ खेळायचे ते? विचारलं नाहीत? सरप्राइज द्यायचंय? बरं, असू दे. पण आतला बोर्ड काढून नवा जोरदार बोर्ड बसवा, एकदम फास्ट करा – ते माझ्याकडे होत नाही. का म्हणजे? येतं मला, येत नाही असं नाही, तीस वर्षं हेच करतोय. तुम्ही बसा आधी. ते स्टूल ओढा. त्या मॉनिटरला टेकू नका, नुसता ठेवलाय, पडेल.

आता हे बटण. यावर टर्बो लिहिलंय, म्हणून लोकांना वाटतं हे मशीन पळवायला दिलंय. खरं काम त्याचं उलटं – मशीनला हळू करायचं. कशाला हळू? तर जुन्या खेळांसाठी. ते लिहिणाऱ्यांनी घड्याळाकडे बघितलंच नव्हतं हो – मशीन जेवढं पळेल तेवढा खेळ पळेल, असा सगळा मामला. मशीन दसपट केलंत की खेळही दसपट. माणूस मात्र होता तेवढाच राहतो. या धंद्यात कालपरवा आलेलासुद्धा हे सांगेल. मला विचारलं असतंत तर मीही सांगितलं असतं. सांगायला काय जातंय.

आमच्या हिचं मशीन असंच होतं. अगदी असंच, हाच पिवळा पडलेला डबा. ही ऑफिसात टायपिस्ट होती. बोटं काय चालायची तिची – साहेबाचं वाक्य संपायच्या आत हिचं टाइप झालेलं असायचं, वर साहेबाच्या चुका सुधारून. मग हात थरथरायला लागला. उजवा आधी. कंपवात. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा. म्हणून मी तिला हे मशीन जोडून दिलं. त्यात एक खेळ होता – वरून फळं पडतात, खाली टोपली, दोन बटणांनी टोपली इकडे-तिकडे न्यायची, तीन फळं हुकली की संपलं. बस्स. लहान पोरंही कंटाळतील. ही नाही कंटाळली. रोज दुपारी बसायची, आणि मी संध्याकाळी घरी गेलो की चपला काढायच्या आत सांगायची – आज एकशेऐंशी, आज दोनशे दहा. मी म्हणायचो, अगं आता फळांचं दुकानच टाकू या. हसायची. एकदा म्हणाली, दोनशे होतायत ना, तोवर हात माझा आहे. मी ऐकलं. ऐकलं, पण – तुम्ही आत्ता ऐकताय तसं नाही ऐकलं.

मग ती आठ दिवस बहिणीकडे गेली, आणि माझ्या हाताला खाज सुटली. लोकांची मशीनं नटवतो आणि घरच्या मशीनचे हे हाल? बोर्ड बदलला, प्रोसेसर बदलला, मेमरी चौपट केली. डबा मुद्दाम तोच ठेवला – म्हटलं बघू, ओळखते का. नव्या बोर्डावर या बटणाची वायर जोडायला जागाच नव्हती. मग बटण ठेवलं तसंच, मागून मोकळं, नुसतं शोभेला. आणि तपासलं हं मी सगळं. नवे रंगीत खेळ टाकून तपासलं, गाणी लावून तपासलं, चार तास चालू ठेवून तपासलं. तिचा खेळ तेवढा लावून बघितला नाही. एवढासा तो खेळ, चालणारच की, त्यात काय बघायचं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मी.

आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाली, आज अकरा. मी म्हटलं, प्रवासानं दमलीस, होईल उद्या. उद्या काही बोलली नाही. परवाही नाही. आणि मी – हे मी कुणाला सांगत नाही – मी रुसलो होतो. मशीन एवढं नवं करून दिलं आणि बाईला पत्ता नाही, एका शब्दानं कौतुक नाही. म्हटलं, आपण होऊन सांगायचंच नाही. तीही सांगेना, मीही सांगेना. एकदा जेवताना विचारलंन, अहो, ते पुढचं बटण कशाचं असतं? मी म्हटलं, शोभेचं आहे, सोड.

आठवड्याभरात तिनं मशीनवर कापड घातलं. मग वेणी घालायला शेजारणीला बोलवायला लागली. चहा ओतायचं सोडलं. कुठं सही करायची म्हटली की अंगठा पुढे करायची – ही, जिनं जन्मभर टाइप केलं ती. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, हात होता तसाच आहे, यांनी धीर का सोडलाय? घरी आल्यावर मला म्हणाली, "डॉक्टरांना काय कळतंय. हात गेला माझा. मला माहितीये ना." मी समजूत घातली. रोज घालायचो. मला कुठं माहीत, की मीच नेलाय तो.

त्यानं गेली असं नाही म्हणत मी. न्यूमोनिया झाला, दीड वर्षानं गेली. पण ते दीड वर्ष तिला हात होता हो. होता, आणि ती तो मांडीत घेऊन बसून राहिली, पाहुण्याचं मूल घेऊन बसावं तशी. पुढे चार-पाच महिन्यांनी ते मशीन सुटं करायला घेतलं, एकाला भाग हवे होते. म्हटलं, शेवटचा एकदा तिचा खेळ बघावा. लावला. फळं पडताना दिसेचनात. वर दिसतायत न दिसतायत तोवर खाली. मला वाटलं काही बिघडलंय. बिघडलं काहीच नव्हतं, माझं काम फर्स्ट क्लास झालं होतं. मग खुर्ची ओढून बसलो. हे हात बघा – केसाएवढ्या वायरीला सोल्डरिंग करतात, अजून हलत नाहीत. सकाळपासून दिवे लागेपर्यंत खेळलो. जास्तीत जास्त किती आले असतील? नऊ.

तिचे अकरा होते.

– नको, पाणी नको मला. तुम्ही बसा. नाही, बसू नका, उठाच आता. मशीन राहू दे इथं, करून ठेवतो, बटणासकट. तुमचं काम एकच. वडिलांना विचारा, कुठला खेळ. मघाशी म्हणालात, सरप्राइज द्यायचंय म्हणून विचारलं नाही. राहू द्या ते सरप्राइज. विचारा, आणि तयार झालं की त्यांनाच घेऊन या, या स्टुलावर बसवू, त्यांच्या हातानं खेळू दे. आपण मागे उभं राहून बघायचं. आणि कमी आले, तर त्यांना काही बोलायचं नाही, आधी मशीन उघडायचं. या आता. दार ओढून घ्या जाताना.