काचेपलीकडून तळलेली टर्की

आज माझ्या टर्कीचं कौतुक करताय, पण पहिल्यांदा तळली तेव्हा घर थोडक्यात वाचलं, यार! बॅकयार्डात मोठ्या भांड्यात तेल कडकडीत तापलेलं. नुकतीच धुतलेली टर्की हुकला लावून मी आत सोडणार, तोच फोन वाजला. सासूबाई! दहा फुटांवर, काचेच्या बंद दाराआड उभ्या. मांसाचा वास सहन होत नाही म्हणून बाहेर येईनात.

"अहो सुहासराव, थांबा! पाणी गळतंय तिच्यातून. मी ओली मिरचीसुद्धा पुसून तेलात सोडते."

पेपर टॉवेलचा अख्खा रोल संपवून मी टर्की आतून-बाहेरून कोरडी केली.

"आता आधी गॅस बंद करा, तेल उतू गेलं तर भडका उडेल. मग हळूहळू सोडा. घाई नको."

तेल फसफसत काठापर्यंत आलं... आणि खाली बसलं. मी आणि सासूबाईंनी एकदमच सुस्कारा सोडला.

कुंपणापलीकडे शेजारचे आजोबा फायर एक्स्टिंग्विशर धरून तयारच होते. तो खाली ठेवत त्यांनी विचारलं, "फोनवर कोण, टर्की कशी करायची ते सांगणाऱ्या हेल्पलाइनवाल्या बाई का?"

"हो," मी म्हटलं, "पण त्यांनी जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही."