एकच स्प्रिंग घेऊन आलेले जावई

— एकच? अन् दुसरी कुठं आहे, सेलूच्या रस्त्यात पडली काय? काय म्हणता, डावीच दबून बसली आहे म्हणून डावीच आणली? वा जावाईबापू, वा! म्हणजे एका पायात नवी चप्पल अन् दुसऱ्यात फाटकी घालून वरातीत जाणारे तुम्ही. अहो, बुलेटच्या पुढच्या शॉकअपात नळ्या दोन, नळ्यांत स्प्रिंगा दोन, अन् बदलाच्या तं दोन्ही बदलाच्या — हे कारंज्यातलं शेंबडं पोट्टंही सांगन तुमाले. एक नवी अन् एक जुनीपुराणी, मंग ब्रेक मारला का हँडल ओढन एकीकडं, अन् तुम्ही वांग्याच्या पोत्यासकट ट्रकच्या खाली. नाई, नाई, उठू नका. बसा खुर्चीवर. पान्ह्याले हात नका लावू — सासुरवाडीत जावयानं पान्हा धरला तं लोकं काय म्हंतीन? डोमाजी मिस्त्रीनं जावयाले कामाले लावलं म्हंतीन. पाणी प्या. चहा सांगतो.

बरं, एक सांगा. हिंगणीहून इतक्या दूर कारंज्याले आले, स्प्रिंग बदलाले? सेलूतले मिस्त्री काय तीर्थयात्रेले गेले सारे? वर्ध्याले कोणी नाई? मले काही समजत नाई वाटते काय तुमाले? सपनाले न्यायले आले, तं तसं सांगावं ना मरदासारखं! गाडीच्या आड काऊन लपता? अन् घ्यायले यायचं म्हणजे घरातलं कोणी मोठं माणूस येते, चार गोष्टी बोलते, चूकभूल मान्य करते — तुम्ही एकटेच आले, हातात एक स्प्रिंग घेऊन. असो. सपना नाई घरी. नाचणगावले गेली, मावशीकडं. उद्या येईन. नाई — परवा. काय? आतमंधी? मांजर असन. लय भांडे पाडते मांजर.

सरका जरा, शॉकअपातलं तेल काढू द्या खालून. पाहा, पाहा हे तेल! हे तेल होय का डांबर? कव्हा बदललं होतं? लग्नात गाडी आली तव्हाचंच असन. अन् पुढचे शॉकअप बसणार नाई तं काय — हँडलले दोन्हीकडं भाजीचे थैले लटकवता, टाकीवर फुलकोबीचं पोतं, मागं दोन. गाडी होय का बैलबंडी? सपना सांगत होती तुमाले, पुढं वजन नका टाकू म्हणून. सांगत होती का नाई? पण बायकोचं ऐकलं तं मिशी गळून पडन तुमची! तिले सारं समजते, जावाईबापू. माय गेली तव्हा नऊ वर्षांची होती, तव्हापासून माह्यासंगं या टिनाखाली बसून राह्यली. हायवेचे ट्रकवाले येते, मले नाई विचारत, 'दीदी किधर है' म्हंते. अन् तुमच्या घरी काय झालं? शेजाऱ्याची लुना बंद पडली, तिनं आंगणात बसून कार्बोरेटर साफ करून देलं, पाच मिनिटात. तं तुमच्या मायनं, सुमित्राबाईनं, साऱ्या गल्लीसमोर हातातला पान्हा हिसकला अन् फेकला विहिरीत. म्हणे आमच्या सुनेच्या नखात ग्रीस? अन् तुम्ही? तुम्ही काय करत होते तव्हा? मेथीच्या जुड्या बांधत होते! मान खाली घालून, एकावर एक, एकावर एक. ती पान्ह्यासाठी नाई आली घर सोडून, त्या जुड्यांसाठी आली. तुम्ही तोंडातून एक शब्द काढला असता ना — एक — तं ती आलीच नसती. चार महिने झाले त्याले. बैल गेला अन् झोपा केला.

थांबा, स्प्रिंगा पाहतो. तुमची ती एक ठेवा बाजूले. माह्याजवळ आहे जोडी. ही पाहा, नवीकोरी, कागदातून नाई काढली अजून. जुनीसंगं उभी करून पाहा — तुमची जुनी दोन बोटं आखूड झाली. बसली म्हणजे बसलीच. काय? कोणी आणली ही जोडी? आणली कोणीतरी. दुकान आहे, माल येते. कागदावर? कागदावर काय लिहिलं आहे? 'हिंगणीची गाडी'. हो, मले वाचता येते. अक्षर — आता अक्षर ओळखाची गरज काय तुमाले? बरं, तिचं आहे. नागपूरले गेलती मागच्या महिन्यात माल घ्यायले, तव्हा आणली. म्हणे, बाबा, येतील ते कधी ना कधी, गाडीचे पुढचे बसले आहेत त्यांच्या. मी म्हटलं येत नाई तो. येणाऱ्याचं तोंड येगळं असते म्हटलं. चार महिन्यात एक फोन नाई करत, तो काय —

काय? केलता? कव्हा केलता फोन? हां. तो. हो, तो आलता. अन् एक पोळ्याच्या दिवशी आलता, बरोबर. तीनदा? असन तीनदा. मीच उचलला, दुकानात फोन माह्या टेबलावर आहे तं मीच उचलन ना! सांगतलं तुमाले, ती बोलत नाई म्हणते. मंग? म्हटलं मी. तिले विचारलं का? नाई विचारलं. तिले सांगतलंच नाई, काय कराचं ते करा. मोठे आले मले विचारणारे! ज्या माणसाले मायसमोर तोंड नाई उघडता आलं, तो माह्यासमोर आवाज चढवून राह्यला! थांबा, नवं तेल टाकलं, आता हा वरचा नट बसवू द्या. नवी स्प्रिंग वर ढकलते, दाबून धरा लागते, मंगच आटे लागते. थांबा म्हंतो ना. सुटला. पुन्हा. हात नका लावू! सुटला पुन्हा. हे पाहा, पाहा माहा हात, पाहाचंच आहे ना — दोन वर्षं झाले कापते. ती आली तव्हापासून गिऱ्हाइकाले दिसू नाई म्हणून पोट्टी पुढं होते, 'बाबा, तुम्ही बसा' म्हणते, अन् सारं तीच करते. ती गेली का हे शटर खाली. मंग? देऊ तिले फोन? म्हणू, घे बाई, नवरा रडून राह्यला, जा? लय लाज वाटते मले, समजलं? पण नाई देला फोन. पुन्हा आला असता तरी नसता देला —

सपना. कव्हाची उभी आहे तू दाराशी? सपना, मी सांगणारच होतो तुले. दिवाळी झाल्यावर सांगणार होतो. असं काऊन पाहते? शिव्या दे बापाले. घे. घे बाई, तूच बसव नट. पाहा जावाईबापू, शिका — छातीचा भार देला, नट आधी उलटा फिरवला, टक् वाजलं का मंग सुलटा. लागले आटे. मी मरून राह्यलो होतो इथं अर्धा तास. दुसराही बसला.

गेली आत. पेटीचं झाकण वाजलं — कपडे भरून राह्यली. पान्ह्याचा डबाही घेऊन जाईन, घेऊनच जाजो म्हणा. अन् ऐका, यावेळी कोणी काही बोललं तं मेथी खाली ठेवाची अन् तोंड उघडाचं. नसन जमत तं आत्ताच सांगा. जमते? मंग बसले काऊन खुर्चीवर, लाटसाहेबासारखे? काढा गाडी बाहेर. मारा किक. मारा म्हंतो ना! अन् रेस देत राहा, ती मागं बसेपर्यंत बंद नका पडू देऊ. मोठा होऊ द्या आवाज. माह्या डोळ्याकडं काय पाहून राह्यले? तिकडं पाहा, रस्त्याकडं.