वेळेत न आलेलं उत्तर

नाही, पण कटच आहे हो हा, दुसरं काय म्हणायचं? बायको म्हणते, तुम्हाला कमी ऐकू येतं. लेक म्हणते, बाबा, कान तपासून घ्या. आणि प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली संशोधन करणारी ती मुलगी, तीही म्हणते, "सर, अलार्म केव्हाचा वाजतोय!" एकाच आठवड्यात तिघी! तुम्हाला सांगतो, मी तिथंच ओळखलं, कुठंतरी पाणी मुरतंय!

कारण माझा धंदाच संशयाचा. जन्मभर एकच काम केलं... पुष्कळ कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे आणि त्यातला एखादा बिघडला, झोपला, चक्क खोटं बोलायला लागला, तरी बाकीच्यांनी काम निभावून न्यायचं! गाडीचे ब्रेक म्हणा, दवाखान्यातलं यंत्र म्हणा, तिथं एकावर भरवसा ठेवून कसं चालेल? म्हणून तीन ठेवायचे. दोघांचं जुळलं की तिसरा बिघडलेला. सोपं! पण... हा 'पण' फार महत्त्वाचा बरं का... तिघांनी आधी संगनमत केलेलं नको! तसं असेल तर मतं बाद!

आता या तिघी बघा. मायलेकी रोज तासन्‌तास फोनवर. आणि त्या विद्यार्थिनीचा नंबर बायकोच्या फोनमध्ये! का? तर म्हणे, "तुम्ही डबा खाल्लात का, ते विचारायला." ऐका! म्हणजे माझ्यावर पाळत! तिघींची मतं बाद!

तरी गेलो कानाच्या डॉक्टरकडे. एकाकडे नव्हे, तिघांकडे. पहिला म्हणाला, "मशीन लावा." मी म्हटलं, मशीन मिळतं कुठं? "खालीच आमचं दुकान आहे." बाद! दुसऱ्या डॉक्टरीणबाई, त्याही म्हणाल्या मशीन लावा. भिंतीवर बघतो तर काय, डिग्री पहिल्याच्याच कॉलेजची! एकाच मास्तरानं शिकवलेले, चुकले तर दोघं सारखेच चुकणार की नाही? बाद! तिसऱ्यानं कानात बॅटरी मारली न मारली, म्हणाला, "काही नाही हो, थोडा मळ आहे." वा! याला म्हणतात प्रामाणिक माणूस! दोनास एक होतं, कबूल, पण ते दोघे कुठं धरायचे? छाती फुगवून घरी आलो.

आणि घरात काय शांतता, म्हणून सांगू! हे आणा नाही, ते आणलं का नाही, कुरकुर नाही. चार दिवस मी खूश! पाचव्या दिवशी मात्र... इतकी शांतता? बिनकारण? हळूच दारात जाऊन उभा राहिलो. ही खिडकीशी बसून फोनवर लेकीशी बोलतेय, हातवारे करतेय, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतेय. शेजारणीची नक्कल करून दाखवत होती... आता, नक्कल ती पहिल्यांदा मला करून दाखवायची हो. कायम. आधी मला, मग जगाला.

मी म्हटलं, "माझ्याशी का बोलत नाहीस?" तर उठली, पार माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "ब्रेक अर्धा मिनिट उशिरा लागला तर?"

"तर काय उपयोग? वेळेत न आलेलं उत्तर म्हणजे चुकीचंच उत्तर." माझं ठरलेलं वाक्य हो! चारचौघांत ऐकवतो मी ते!

"आणि जो कॉम्प्युटर वेळेत उत्तरच देत नाही, त्याचं काय करता?"

"गेला असं धरतो. वगळतो. आणि बाकीच्यांवर काम चालू ठेवतो."

"तेच केलंय मी," म्हणाली. "एकेक गोष्ट किती वेळा सांगायची? आणि शेवटी तुम्ही 'हं' म्हणणार, तेही भलत्याच जागी. थकले मी."

तुम्हाला सांगतो, संशय घ्यायला जागाच नाही! नियम माझा, तिनं फक्त लावला. मी म्हणजे घरातलं बंद पडलेलं यंत्र, आणि माझ्यावाचून सगळं सुरळीत चाललेलं! घाबरलो. सरळ सांगतो, घाबरलो.

घेतली मशीनं. मुकाट्यानं, त्याच खालच्या दुकानातून. दोन्ही कानांना एकेक, चिंचोक्याएवढी. आणि ठाऊक आहे का, आवाज कुठून आला ते ठरवायला ती दोघं आपापसात बोलतात! माझ्या डोक्याच्या अल्याड-पल्याड बसून! बरं, दोनच. दोघांचं बिनसलं तर खरं कोणाचं? दुकानात विचारलं, तर बाई म्हणतात, "काका, तिसरं लावणार कुठं?"

म्हणून तिसरं मत बायकोचं. कालच मी पाठ फिरवली आणि दोन्ही यंत्रांतून अगदी स्वच्छ ऐकू आलं, "संशयी म्हातारा!" मी वळून विचारलं, "काही म्हणालीस?" ती म्हणाली, "छे! कुठं काय?"

दोनास एक. दोघांचं जुळलं, पण आपापसात बोलून... आता तुम्हीच सांगा, काय करणार?

यंत्रं बाद!