ताईच्या पेशी

बाई : ...ते सगळं खरं, पण तुमच्या नावाच्या बाटलीत बाईचं रक्त कसं, एवढंच सांगा. मी या लॅबमध्ये नवीन आहे. माझ्यावर उगीच बालंट नको.

भाऊ : रक्त माझंच आहे. सकाळी तुम्हीच काढलंत की.

बाई : मग बघा ही स्लाइड. या पांढऱ्या पेशीच्या गाभ्याला बारीकसा गोंडा लोंबतोय ना? बाईच्या पेशीत एक्स क्रोमोसोम दोन असतात, पुरुषाच्या एकच. एक काम करतो, दुसरा गुंडाळून निजलेला. त्याचा हा गोंडा. पुरुषाच्या रक्तात कशाला येईल?

भाऊ : माहीत आहे. ती माझी ताई.

बाई : म्हणजे?

भाऊ : सात वर्षांपूर्वी मला रक्ताचा कॅन्सर झाला होता. ताईने बोन मॅरो दिला. तेव्हापासून माझ्या अंगात तिचंच रक्त तयार होतं. तुमच्या आधीचे काका दर सहा महिन्यांनी मोजून सांगायचे. गोंडा मोजक्याच पेशींत दिसतो म्हणे, पाचशे पेशींत पंधरा-सोळा. गेल्या खेपेला चौदा.

बाई : कागदावर यातलं काही लिहिलेलं नाही. मी तर बाटली बदलली म्हणून तक्रार करणार होते. ताईंना तरी बरोबर आणायचं.

भाऊ : ताई गेली. मॅरो दिल्यावर दोन वर्षांनी. रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं.

बाई : अरेरे. माझ्या जिभेला काही हाड नाही.

भाऊ : तुम्हाला काय ठाऊक. आई तर म्हणते, ती गेलीच नाही. मध्यंतरी भाजी चिरताना माझं बोट कापलं, तर नळाखाली धरू दिलं नाही तिने. रुमालाने टिपलं. तो रुमाल अजून धुतलेला नाही.

बाई : आणि तुम्हाला काय वाटतं?

भाऊ : भीती वाटते. उशीला कान टेकला की ठोके ऐकू येतात. कुणाचे म्हणायचे? आईने विचारलंय, निजलेला तो एक्स तिच्याकडचा की बाबांकडचा?

बाई : काही पेशींत आईकडचा, काहींत बाबांकडचा. ताई पोटात होती तेव्हाच ठरलं ते. पुढे बदलत नाही.

भाऊ : ती नसली तरी?

बाई : तरी.

भाऊ : मग आज मोजा. महिनाभर हिरड्यांतून रक्त येतंय, ताप हटत नाही. डॉक्टर बोलायच्या आधी मला कळू दे.

बाई : यावरून काही ठरत नाही हं. खरी तपासणी वेगळी, तिला आठवडा लागतो.

भाऊ : काकाही असंच म्हणायचे. आणि मोजायचे.

(बाई मायक्रोस्कोपला डोळे लावतात. बराच वेळ फक्त मोजणीच्या बटणाची टकटक.)

भाऊ : झाल्या पाचशे?

बाई : झाल्या.

भाऊ : गोंडे किती?

बाई : चार.

भाऊ : म्हणजे माझं जुनं रक्त परत आलं.

बाई : मी तसं म्हटलेलं नाही.

भाऊ : मरायची भीती मलाही आहे, बाई. पण आई खाली गाडीत बसलीय. गेल्या गेल्या आकडा विचारेल. ताई गेली हे तिला मीच सांगितलं होतं. तेच दुसऱ्यांदा कसं सांगू?

बाई : बसा जरा. मी परत पहिल्यापासून मोजते.