वरचे साठ रुपये

अनोळखी माणसाचा चेक घेऊ नका म्हणतो, ते उगंच नाय. निजामाच्या राज्यात गुलमंडीला माझं अन् करीमभाईंचं भागीदारीत हिमरू शालींचं दुकान होतं. एक दिवस शेरवानीतला एक साहेब आला अन् घासाघीस न करता पाच शाली बांधायला लावल्या. नव्वद रुपये झाले. त्यानं हैदराबादच्या बँकेचा दीडशेचा चेक पुढं केला. म्हणाला, "वरचे साठ रोख द्या. टांगा उभा आहे, खुलताबादला दर्ग्यात जायचंय."

साठ म्हणजे आमची महिन्याची कमाई. पण दर्ग्याचं नाव ऐकलं अन् मी गल्ला उघडला. करीमभाईंनी माझा हात धरला, दुकानाच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या अन् त्याला दिल्या.

"साहेब, ही साठ रुपयांची चिठ्ठी. तुमचा चेक वटला की या अन् रोख घेऊन जा."

साहेब चिडला. "कागद घेऊन मी काय करू? ना ओळख ना पाळख, तुमच्या चिठ्ठीवर भरवसा कसा ठेवायचा?"

करीमभाईंनी शाली परत फळीवर ठेवल्या अन् चेक घडी घालून त्याच्या हातात दिला.

"साहेब, आमचं बी तेच म्हणणं हाय."